नर उपटण्याचे दिवस

१

जून सरत आला की रीफच्या डोंगरातल्या बायकांचे उजवे अंगठे काळे पडतात. साबणाने घासा, लिंबाने घासा, ऑगस्टपर्यंत ते काळेच राहतात आणि त्यांना गांजाचा वास येत राहतो. मनानाला त्याचं काही वाटत नसे. अंगठा गोरा असलेल्या बाईकडे तिच्या गावात आळशी म्हणूनच पाहत.

तिचा किफ, म्हणजे गांजाचं पीक, स्वयंपाकघरामागच्या परसात होता. उतार कापून केलेले तीन ओटे, वरच्या बांधावर अंजिराचं झाड, कडेने पाण्याचा पाट. रोपं छातीला लागत होती. त्या दिवसांत काम एकच: रोज सकाळी ओळीओळीने फिरायचं, प्रत्येक रोपाचं पेर अंगठ्याने दाबून वर करायचं आणि बेचक्यात पाहायचं. दोन पांढरे केस दिसले तर ती मादी, तिला राहू द्यायचं. बारीक गोल गाठ दिसली तर तो नर, त्याला मुळासकट उपटायचं. एक नर जरी नजरेतून सुटून फुलला, तरी सगळ्या परसात बी धरतं आणि वर्ष वाया जातं.

हे काम ती आणि तिचा नवरा मुफद्दल मिळून करत. यंदा मुफद्दल दूर टँजर शहरात बांधकामावर होता आणि बकरी ईदला येणार होता. घरात ती, पाच वर्षांचा हमीदू, सात कोंबड्या, एक कोंबडा आणि ईदसाठी पोसलेला बोकड. पाठ मोडून जायची तिची. दोन ओळी झाल्या की कमरेवर हात ठेवून ती मुफद्दलच्या टँजरला मनसोक्त शिव्या द्यायची, आणि मग तिसऱ्या ओळीला लागायची.

त्या सकाळी तिने मागचं दार उघडलं, तर उंबऱ्यावर तीन रोपं ठेवलेली होती. तिन्ही नर. एकाला एक लावून, शेंडे बाहेर आणि मुळं घराकडे.

मुळं स्वच्छ धुतलेली होती. ती बराच वेळ त्या पांढऱ्या मुळांकडे पाहत राहिली. उपटलेला नर लोक बोकडापुढे टाकतात नाहीतर दरीत फेकतात. त्याची मुळं कोण धूत बसतं?

२

“तू आली होतीस का गं पहाटे?” तिने भिंतीवरून रहीमो खालाला विचारलं. रहीमो खाला म्हणजे शेजारची म्हातारी. तिचे तिघे मुलगे समुद्रापलीकडे स्पेनमध्ये होते आणि घरात तिच्यासोबत दोन सुनाच राहत.

“मी? माझ्या गुडघ्यांना विचार, ते भिंत चढतात का,” खाला म्हणाली. “तुझा नवराच रात्रीचा उडत येऊन जात असेल. एवढा जीव आहे म्हणतेस ना तुझ्यावर!”

“त्याचा जीव सिमेंटच्या गोणीत अडकलाय.”

दोघी हसल्या आणि गोष्ट तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर आठ रोपं होती. मनानाने बसून एकेकाचं पेर तपासलं. दोन रोपांना गाठी होत्या. उरलेल्या सहांना काहीच नव्हतं, ना केस ना गाठ. तिचं डोकंच फिरलं. कोणीतरी चांगली रोपं उपटून जळफळाट काढत होतं. गावात जळणाऱ्यांची कमी नव्हती, आणि नवरा घरी नसलेल्या बाईचं पीक म्हणजे कुणाच्याही बापाचं. त्या सहांतलं एक रोप तिने तेलाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून खिडकीत उभं केलं, म्हणजे मादीचे केस आले की ते घेऊन गावच्या प्रमुखापुढे उभं राहता येईल.

रोज रोपं येत राहिली. पाचव्या दिवशी डब्यातल्या रोपाला बेचक्यात बारीक गोल गाठ धरली.

नर होता. ज्याने तो उपटला त्याला तो नर निघणार हे पाच दिवस आधी कळलं होतं. असली नजर मनानाने अख्ख्या डोंगरात कुणाची पाहिली नव्हती.

फोनला रेंज लागते ती फक्त वर सडकेवर. ती हमीदूला घेऊन चढून गेली आणि मुफद्दलला सगळं सांगितलं. तो मनमुराद हसला.

“अगं, फुकटात कुणी राबतंय तर राबू दे की! तुझी कंबर वाचली.”

“पण कोण, हमीदूच्या बापा?”

“असेल कुणी पुण्यवान. त्याला सांग, भिंतीचं प्लास्टरही राहिलंय.”

तिला राग आला, पण उतरता उतरता तिच्या मनात आलं की तो म्हणतो ते खोटं नाही. चार दिवस झाले, तिची पाठ दुखली नव्हती.

३

त्या गावात मदतीची मजुरी देत नाहीत. तुमच्या रानात जो हात लावतो त्याला रानाच्या बांधावरच जेवू घालायचं, आणि एकदा का त्याने तुमचं अन्न खाल्लं की काम पुरं होईपर्यंत त्याला परत पाठवायचं नाही. काम संपलं हे मालकाने म्हणायचं नसतं. ते राबणाऱ्याने म्हणायचं असतं. आजोबा-पणजोबांपासूनची रीत ती, आणि ती मोडणाऱ्याच्या छपराला पुढे कुणी खांदा लावत नाही.

मनाना रीतीची पक्की होती. बारा दिवस कुणीतरी तिच्या परसात उपाशी राबतंय ही गोष्ट तिला खायला लागली. तेराव्या दिवशी पहाटे तिने ताजी भाकरी भाजली, वाडग्यात ऑलिव्हचं तेल ओतलं, मूठभर अंजीर घेतले आणि पुदिन्याच्या चहाची किटली करून पेल्यासकट सगळं अंजिराच्या बुंध्याशी ठेवलं. परसात कुणी दिसत नव्हतं. तरी रीतीप्रमाणे मोठ्याने म्हणाली, “देव तुझ्या हातांना बळ देवो. खाऊन घे.”

पाटाचं पाणी तेवढं वाहत होतं.

दुपारी हमीदूला निजवून तिने दार उघडलं. वाडगा, किटली आणि पेला उंबऱ्यावर पालथे घातलेले होते. तिन्ही लख्ख धुतलेले. तिला बरं वाटलं. बरं वाटल्याचं पुढे तिला कितीदा आठवलं आणि दरवेळी स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

संध्याकाळी हे तिने सहज खालाला सांगितलं. खाला शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

“कुणाला जेवू घातलंस?”

“जो राबतो त्याला.”

“पाहिलंस त्याला?”

“नाही.”

“न पाहता घास दिलास?” खालाने मांडीवरच्या शेंगा टोपलीत लोटल्या, उठली, आत गेली. अजून ऊन होतं, तरी आतून कडी लागल्याचा आवाज आला. मनाना भिंतीशी उभीच राहिली. म्हातारीचं काहीतरीच, असं ती मोठ्याने म्हणाली. पण ऐकायला तिथे कुणी नव्हतं, आणि तिचा स्वतःचा आवाज तिला आवडला नाही.

४

त्यानंतर दोन दिवस उंबऱ्यावर काही आलं नाही. तिने तिन्ही ओटे पालथे घातले. एकसुद्धा नर शिल्लक नव्हता. सुटलो, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी उंबऱ्यावर कोंबडा होता.

सरळ ठेवलेला, डोकं बाहेर, पाय घराकडे. रक्त नाही, मान पिरगळलेली नाही, एक पीस मोडलेलं नाही. पाय नखांपर्यंत धुतलेले. खुराड्यात साती कोंबड्या खुशाल कॉक-कॉक करत होत्या.

मुंगूस असेल, तिने स्वतःला समजावलं. मुंगूस रक्त पितं. मग साप. साप चावला की कोंबडं लगेच मरतं, तसंच झालं असणार. आणि पाय? पाटात पडला असेल, पाटातून फरफटत आला असेल. पण उंबरा कोरडा होता, आणि पाटाच्या बाजूला चिखलात कसलीच खूण नव्हती. तिने कोंबडा दरीत फेकला आणि हात तीनदा धुतले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. हमीदू आतल्या खोलीत झोपला होता. बाहेर किडासुद्धा वाजत नव्हता. आणि तिला एक आवाज आला, रोज ऐकलेला, अगदी ओळखीचा. ओल्या मातीतून मूळ सुटताना जो मऊसा, तुटक आवाज होतो, तो.

आवाज परसातून आला नव्हता. तो गोठ्यातून आला, जिथे फरशी होती आणि उपटण्यासारखं काहीच नव्हतं.

ती गेली तेव्हा दोर खुंट्याला तसाच होता, गाठही तशीच. बोकड मागच्या उंबऱ्यावर होता, सरळ ठेवलेला. चारी खूर धुतलेले.

कोंबडा. बोकड. तिने मनात पुढचं नाव येऊ दिलं नाही आणि आतल्या खोलीकडे धावली.

हमीदू जागा होता. अंथरुणात बसून स्वतःच्या पायांकडे पाहत होता. हे पोर दिवसभर अनवाणी हुंदडायचं, त्याचे पाय जन्मात कधी स्वच्छ नसत. आता ते घोट्यापर्यंत पांढरेफटक होते, आणि ओले.

“कुणी धुतले रे?”

“त्या बाईनं.”

“कुठली बाई?”

“ती वाकलेलीच असते ना, ती. परसातली.” त्याने गुडघा पुढे केला. “तिनं असं करून बघितलं. मला गुदगुल्या झाल्या.” आणि त्याने आपला इवलासा अंगठा गुडघ्याखाली घालून दाबला, वर केला आणि मान वाकवून पाहिलं. थेट तसं, जसं मनाना रोज सकाळी ओळीत उभी राहून पाहत असे.

त्याच्या गुडघ्यामागे अंगठ्याचा काळा डाग होता. तिने वास घेतला आणि पोराला छातीशी असं आवळलं की ते रडायलाच लागलं.

५

“खाला! दार उघड! खाला!”

दार उघडलं नाही. पलीकडून म्हातारीचा श्वास मात्र ऐकू येत होता.

“पोराला घेऊन आलीयस?”

“पाठीवर आहे. खाला, तुझ्या पाया पडते, याला आत घे.”

“आत घेऊन काय करू? माझं घर नुसत्या बायकांचं आहे, मनाना. माझे तिघं तिकडं का राहिले, एकदाही का आले नाहीत, विचारलंस कधी?”

“मला काय ठाऊक! आता काय करू ते सांग.”

म्हातारी दाराला तोंड लावून बोलली. “राबायला परस आहे तोवर ते आहे. परसच ठेवू नकोस.”

मनाना घरी आली आणि तिने विळा घेतला. हमीदूला कमरेला गुंडाळायच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या मंदिलाने पाठीशी गच्च बांधलं. एकवेळ पाठीवर ओझं चालेल, पण पोर नजरेआड नको. वर्षभराचं पोट त्या तीन ओट्यांवर उभं होतं: मुफद्दलच्या गोणींनी भागणार नाही ते सगळं, पोराची शाळा, हिवाळ्याचं तेल. तिने पहिल्या ओळीवर विळा चालवला. कच्ची, हिरवी, अजून फुलांचं नाव नसलेली रोपं खाली आडवी होत गेली. ती रडत होती आणि कापत होती.

पहिला ओटा झाला. दुसरा झाला. ऊन कलायला लागलं होतं, तरी तापत होतं, पाठीवर पोर घामाने चिकटलं होतं. तिसऱ्या ओट्याच्या मध्यावर आल्यावर तिला जाणवलं की पलीकडच्या टोकाची रोपंही हलतायत. वारा नव्हता. रोपं एकामागून एक हलत होती, ओळीने, कुणी काम करत येतं तशी. तिच्याकडे येत होती.

तिने विळा थांबवला नाही. थांबला तर पुन्हा चालणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पानांच्या मधून तिला एक वाकलेली पाठ दिसली, मातीच्या रंगाच्या कापडात. डोकं खाली, पार खाली, जमिनीकडे. आणि एक हात. तो हात तिच्यापासून दोन रोपांवर आला, त्याने रोपाचं पेर अंगठ्याने दाबून वर केलं, पाहिलं, सोडलं. तो अंगठा लांब होता, आणि त्याला पेरं फार होती. पाच की सहा, तिने मोजली नाहीत. मोजायला गेली असती तर वेडी झाली असती.

“आई,” हमीदू तिच्या कानाशी म्हणाला, “तीच ती.”

तिने उरलेली रोपं एका दमात छाटली. शेवटचं पडलं तेव्हा ओट्यावर दडायला काही राहिलं नव्हतं, आणि तिथे कुणीही नव्हतं. परस सपाट झालं होतं. तिने देवाचं नाव घेतलं, गुडघ्यांवर बसली, दोन-तीन श्वास घेतले.

मग ती घराकडे वळली. मागचं दार उघडं होतं. आतल्या अंधारात, कमरेइतक्या उंचीवर, तो अंगठा दाराच्या चौकटीच्या सांध्यावर हळूहळू फिरत होता. दाबून पाहत होता.

काम संपलं नव्हतं.

६

पायात चपला घालायलासुद्धा ती घरात गेली नाही. पोर पाठीवर, विळा हातात, ती सडकेच्या चढाला लागली. पाऊण तासाचा चढ तिने कसा चढला ते तिचं तिलाच कळलं नाही. एकदाही मागे पाहिलं नाही. वर देवदारांखाली अल्लालची सहा जणांची जुनी टॅक्सी नेहमीसारखी प्रवाशांची वाट पाहत उभी होती. अल्लाल बॉनेटवर बसून बिया फोडत होता.

“काय गं मनाना, विळा घेऊन? कुणाची मान कापायला निघालीस?”

तिच्या कमरेच्या फोनला रेंज लागली आणि तो थरथरायला लागला. मुफद्दल. मुफद्दल. मुफद्दल. सात वेळा. तिने लावला. त्याने लगेच उचलला.

“मनाना! अगं, हे परसाचं काय झालंय? सगळं कापलंय कुणी?”

तिला आधी अर्थच लागेना. “तू कुठायस?”

“घरी! ईदला चार दिवस आहेत, म्हटलं तुला चकित करावं. खालच्या ओढ्याच्या वाटेनं आलो. सडक सोडली की आपल्याकडे रेंज लागत नाही म्हणून आधीपासून फोन करतोय तुला, उचलशील तर शप्पथ. आता कसा लागला कोण जाणे. हमीदू कुठाय?”

“बाहेर पड.” तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. “हमीदूच्या बापा, जसा आहेस तसा बाहेर पड. आत्ता. ओढ्याकडं पळ.”

“शिपाई आले होते का? त्यांनी कापलं?”

“पळ म्हणते ना मी!”

“अगं पण ही कोण? आपल्या स्वयंपाकघरात ही बाई कोण आहे? मी सलाम केला, उत्तर नाही दिलं. खालाच्या माहेरची आहे का कुणी?” त्याचा आवाज जरा दूर गेला, मऊ झाला. म्हाताऱ्या माणसांशी तो नेहमी असाच बोलायचा. “ये मावशी, बस. हिला सरळच होता येत नाही बहुतेक, बिचारी... मावशी, काय पाहतेस?”

मग तो मऊ, तुटक आवाज आला.

फोन चालूच होता. कोंबड्या कॉक-कॉक करत होत्या. मनानाने नाव घेतलं, पुन्हा घेतलं, मग ओरडली. कोंबड्याच कॉक-कॉक करत राहिल्या.

“काय झालं?” अल्लाल खाली उतरला. “मुफद्दल ना? त्याला मगाशी मीच सोडला खालच्या वळणावर. काय खूश होता! पोरासाठी बूट आणलेत त्यानं.”

“बाबा आला?” हमीदू पाठीवर उड्या मारायला लागला. “आई, चल ना! आई!”

तिने गाठ सोडली, पोराला गाडीत बसवलं, दार लावलं आणि उतारावर धावली. दहा पावलं गेली असेल. तिच्या मनात आलं, अजून जिवंत असेल तो. पडला असेल नुसता. उचलून आणता येईल. मग तिच्या मनात आलं की कोंबडा तिच्या नजरेआड गेला, बोकड नजरेआड गेला, आणि ती कणीक मळत होती तेवढ्या वेळात पोराचे पाय धुतले गेले. ती वळली. गाडीच्या काचेला नाक लावून हमीदू एकटा बसला होता.

अल्लालला खाली पाठवावं? तोही दोन लेकरांचा बाप होता.

ती उतारावर उभी राहिली. खाली छपरं दिसत होती, त्यांतलं तिचं कुठलं ते तिने ओळखलं. तिचं सगळं अंग खाली ओढत होतं. अकरा वर्षांचा संसार होता तो.

ती परत वर आली. गाडीत शिरली आणि पोराला मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ते “बाबा, बाबा” करत हातपाय झाडत होतं.

“थांबू ना त्याच्यासाठी?” अल्लालने आरशातून विचारलं. “जागा आहे. येईल की अर्ध्या तासात.”

“नको,” मनाना म्हणाली. “आम्ही दोघंच आहोत. काढ गाडी.”